हिंचक्यावरचा डग्गा

माझ्या सासऱ्यांना मी अजूनही काका म्हणतो. ते माझे सासरे व्हायच्या आधी सहा वर्षं माझे घरमालक होते, आणि तोंडात बसलेला शब्द लग्नानंतर बदलला नाही. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावातून बारावी होऊन मी बडोद्याला बी.एस्सी. करायला आलो, तेव्हा रावपुऱ्यातल्या त्यांच्या घराची मागची खोली मला मिळाली. माझे वडील एसटीच्या डेपोत हेल्पर होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. अर्ज कसा लिहायचा, साहेबासमोर कसं बसायचं, इंग्रजी प्रश्न आधी दोनदा का वाचायचा, हे सगळं काकांनी शिकवलं. नंदेसरीच्या केमिकल कंपनीत मुलाखतीला गेलो तो त्यांचे बूट घालून, पुढे कापूस कोंबून. नोकरी लागली. पुढे त्यांची थोरली मुलगी मला दिली. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही, आणि हे आधी सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचताना कोणाला तसं वाटणार नाही.

काका कचेरीत हेडक्लार्क होते, पण त्यांचा जीव तबल्यात. गणेशोत्सवातल्या गाण्याच्या कार्यक्रमांत, ओळखीच्यांच्या बैठकींत त्यांनी पंचवीस-तीस वर्षं साथ केली. नऊ वर्षांपूर्वी ते जिन्यावरून पडले आणि डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पहिल्यासारखं वळेना. डग्गा वाजतो तो डाव्या हाताने. पंजाची टाच कातड्यावर दाबत सरकवायची, म्हणजे तो घुमारा निघतो. ते गेलं. काकांनी तबल्यावर कापड घातलं आणि त्यानंतर स्वतःच्या जुन्या कॅसेट ऐकणं एवढंच उरलं. ते हिंचक्यावर बसून ऐकत. बडोद्यात मराठी घरांतही झोपाळ्याला हिंचका म्हणतात. काकांच्या बाहेरच्या खोलीत तो कड्यांना टांगलेला आहे, सागवानी फळीचा, आणि काका घरात असले की त्यावरच असतात.

मनगट मोडलं त्या वर्षी मी त्यांना एक छोटा ब्लूटूथ स्पीकर आणून दिला होता, मुठीत मावेल एवढा, टेपरेकॉर्डरला वायरनेही जोडता येणारा. तबल्याची टणटण त्यातून ऐकू येई, डग्गा जवळजवळ नाहीच. पण काका कधी बोलले नाहीत. आठ वर्षं तो हिंचक्याच्या कडीला दोरीने लटकत होता.

आता माझ्या साडूबद्दल. माझ्या मेहुणीचा नवरा पुण्याचा, नोकरीला बंगळुरूला. घरात तीन पिढ्यांचं गाणं. काकांची कॅसेट लावली की तो मांडीवर बोटांनी ताल धरतो आणि समेवर बरोबर मान हलवतो. मला सम कळत नाही. दोघांकडे बघून मी एका क्षणाने उशिरा मान हलवतो. काकांच्या सगळ्या कॅसेट घेऊन जाऊन त्याने त्या पेनड्राइव्हवर उतरवून आणल्या. ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तो काकांना ‘बाबा’ म्हणतो. काका त्याला ‘जावईबापू’ म्हणतात, ‘तुम्ही’ म्हणतात. मला म्हणतात ‘अरे, ऐक’. तो आला की काका हिंचक्यावरून उठून सोफ्यावर बसतात आणि हिंचका त्याला देतात. मी सोळा वर्षांचा जावई. माझ्यासाठी ते कधी उठले नाहीत.

माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो मला दादा म्हणतो, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतो, आणि खरंच उत्तर ऐकून घेतो.

गेल्या वर्षी त्याने काकांच्या वाढदिवसाला एक मोठं खोकं पाठवलं. टीव्हीखाली ठेवायचा लांबट साउंडबार आणि त्याच्यासोबत वायरलेस सबवूफर. म्हणजे हातभर उंचीचा काळा चौकोनी डबा, जो फक्त खालचे, जाड आवाज काढतो. रविवारी सकाळी आम्ही छाणीच्या आमच्या घरून काकांकडे गेलो तेव्हा खोकं सोफ्यासमोर तसंच होतं आणि काका त्याच्याभोवती फिरत होते.

“अरे, जावईबापूंनी पाठवलंय. म्हणतात, बाबा, आता तुमचा डग्गा ऐका.”

मग ते केस कापायला गेले. जाताना म्हणाले, “तू जोडून ठेव. ते फोनवर सांगतील तसं कर. त्यांना त्यातलं कळतं.”

मी इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. वीस वर्षं प्रेशर गेज, ट्रान्समीटर जोडतो, तपासतो. मला सांगायला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. पण मी व्हिडिओ कॉल लावला.

“दादा, सबवूफरमागे बारीक दिवा दिसतोय? लुकलुकतोय ना, म्हणजे साउंडबारला शोधतोय. मागचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा.”

दाबलं. दिवा लुकलुकायचा थांबला, स्थिर झाला. बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. डब्यापासून प्लगपर्यंत गेलेल्या वायरकडे तिने बोट दाखवलं.

“वायरलेस म्हणतात आणि ही वायर कसली?” तिने विचारलं.

“ताई, आवाज हवेतून जातो, वीज नाही जात,” साडू हसला. “आता डबा कोपऱ्यात ठेवा, टीव्हीच्या डावीकडे. कोपऱ्यात तो जास्त घुमतो. झालं? आता फोनमधलं ॲप उघडा. साउंडबार वेगवेगळे आवाज सोडेल, फोन ते ऐकून खोलीप्रमाणे सगळं जुळवून घेईल. फक्त फोन बाबा बसतात त्या जागी ठेवायचा. सोफ्यावर, उजव्या बाजूला, उशीजवळ.”

मी फोन हातात धरून उभा राहिलो.

त्याने काकांना कधीच हिंचक्यावर बसलेलं पाहिलं नव्हतं. तो यायचा तेव्हा हिंचका त्याचा असायचा. त्याच्या लेखी बाबांची जागा म्हणजे सोफा, उजवी बाजू, उशीजवळ. मला एवढंच सांगायचं होतं की साडूबुवा, पाहुणे गेले की काका सोफ्याकडे बघतही नाहीत.

मी सांगितलं नाही. फोन सोफ्यावर उशीजवळ ठेवला. घुंऽऽ, हुंऽऽ असे आवाज खालून वर चढत गेले, ॲपने हिरवी खूण दाखवली. “झकास,” साडू म्हणाला. बायको तोवर कणीक मळायला आत गेली होती.

फोन ठेवल्यावर मी काकांचा पेनड्राइव्ह लावला आणि हिंचक्यावर बसलो. मला सम कळत नाही, पण आवाज कमीजास्त झालेला कळतो, तो माझा धंदा आहे. हिंचका पुढे गेला की डग्गा पोटात शिरल्यासारखा यायचा. मागे गेला की नाहीसा व्हायचा, मागे फक्त तबल्याची टणटण. हिंचका थांबवून बसलो, तर डग्गा जवळजवळ नाहीच. बंद खोलीत जाड आवाज भिंतींवर आपटून परत येतात, काही जागी जमा होतात, काही जागी एकमेकांना खाऊन टाकतात. कॉलेजात हे शिकलो होतो, पाठ्यपुस्तकावर काकांनीच कव्हर घालून दिलं होतं. कंपनीत नव्या मुलांना मी रोज एक गोष्ट सांगतो, गेज टेबलावर तपासू नका, जिथे काम करतो तिथे तपासा. सगळं समजत होतं. मी उठलो आणि सोफ्यावर बसून पाहिलं. तिथे उत्तम वाजत होतं.

त्याने सांगितलं तसं केलं, माझं काय चुकलं, असं मी मनाशी म्हटलं. खरं हे होतं की काकांना तो डबा आवडू नये असं मला वाटत होतं. काका केस कापून आले, हिंचक्यावर बसले, आणि कडीला लटकलेला माझा छोटा स्पीकर सोडून त्याची दोरी नीट गुंडाळून त्यांनी कपाटात ठेवला. जागा झाली, म्हणाले. ते बघून तर मी तोंड अजूनच घट्ट मिटलं.

पुढच्या रविवारी गेलो तर काका ऐकत होते, पण मान तिरकी करून.

“कसा वाजतोय?” मी विचारलं.

“छान. अगदी छान.” थोड्या वेळाने म्हणाले, “मधेच कोणीतरी डग्ग्यावर पांघरूण टाकतं आणि काढतं, असं होतं. माझेच कान असतील.”

खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेन त्याच दिवशी वाटीभर हांडवो घेऊन वर आल्या. दारातूनच म्हणाल्या, “काका, तमारा घरमां शुं बेठुं छे? मारा वासण नाचे छे.” त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी मांडणीवर नाचत होती. काका ओशाळले.

“बेन, तुम्हाला खाली ऐकू येतं आणि मला वर येत नाही,” ते मराठीत म्हणाले.

“तो कान बतावो,” बेन म्हणाल्या, आणि आपल्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरचं नाव सांगून गेल्या.

मी हांडवो खाल्ला. तेव्हाही बोललो नाही. त्या आठवड्यात साडूचा फोन आला असणार, कारण काका त्याला काय म्हणाले ते बायकोने मला सांगितलं. “बाबा म्हणाले, जावईबापू, तुम्ही माझा हात परत दिलात. आणि फोन ठेवून कानात तेल घालत बसले. अहो, त्यांना नीट ऐकू येत नाहीये, आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून सांगत नाहीत.”

हात परत दिलात. कंपनीच्या बसमध्ये ते वाक्य माझ्याबरोबर नंदेसरीपर्यंत यायचं आणि संध्याकाळी परत. खोटं का असेना, ते त्याला म्हटलं होतं. मी दिलेल्या स्पीकरबद्दल आठ वर्षांत काका एकदाही असं खोटं बोलले नव्हते.

तिसऱ्या रविवारी काळ्या डब्यावर भरतकामाचा रुमाल घातलेला होता आणि त्यावर मनीप्लांटची बाटली. साउंडबार बंद. काका हिंचक्यावर पेपर वाचत होते.

“गुरुवारी कानाच्या डॉक्टरकडे जायचंय,” ते बायकोला म्हणाले. “तू येशील का? ते विचारतात आणि मला ऐकू येत नाही, असं नको व्हायला.”

“येते ना बाबा. पण माझं बोलणं तर तुम्हाला ऐकू येतं.”

“बोलणं येतं गं. डग्गा येत नाही.” मग त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि माझ्यापुढे धरला. “हा तू नेऊन ठेव. इथे हरवेल. हात गेला तेव्हा वाटलं होतं, कॅसेटमध्ये तरी आहे. आता तिथलाही मला ऐकू येईना. ठेवून करू काय?”

ते हे काही रडवेल्या आवाजात म्हणाले नाहीत. चष्म्याची काडी जुनी झाली, बदलायला हवी, अशा सुरात म्हणाले. पेनड्राइव्ह माझ्या हातात होता, त्यांच्या खिशातल्या उबेने गरम. मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो फळीवर होता आणि पंजाची टाच जागच्या जागी फिरायला बघत होती.

“काका, उठा जरा,” मी म्हटलं.

“का रे?”

“हिंचका पाहिजे.”

सबवूफरची जागा शोधायची एक साधी पद्धत आहे. ऐकणाऱ्याच्या जागी डबा ठेवायचा, वाजवायचा, आणि आपण खोलीभर जमिनीलगत रांगत फिरायचं. जिथे आवाज भरदार आणि स्वच्छ येईल तिथे नंतर डबा ठेवायचा. इकडचा आवाज तिकडे जसा पोचतो तसाच तिकडचा इकडे पोचतो, हे त्यामागचं तत्त्व. फक्त इथे ऐकणारा एका जागी बसत नव्हता. मी मनीप्लांट आणि रुमाल काढला, डबा उचलून हिंचक्यावर ठेवला, बायकोच्या ओढणीने फळीला घट्ट बांधला, आणि एक्स्टेन्शनची लांब वायर कडीवरून सोडली.

“ओढणी नवी आहे ती,” बायको म्हणाली.

“काका, तुम्ही रोज घेता तसे झोके द्या त्याला. हळू.”

“या वयात मी डब्याला झोके देऊ?”

“द्या.”

साउंडबारचा आवाज मी अगदी कमी केला आणि पेनड्राइव्हवरची काकांचीच एक जुनी बैठक लावली. काका सोफ्याजवळ उभे राहून उजव्या हाताने फळी ढकलत राहिले, डबा पुढेमागे जात वाजत राहिला, आणि मी हाताने-गुडघ्यांनी भिंतीच्या कडेने निघालो. टीव्हीच्या कोपऱ्यात डोकं घातलं तर डग्गा यायचा, जायचा, यायचा. तोच कोपरा, तोच दोष. दाराजवळ नुसती गडगड. खिडकीखाली काहीच नाही.

“बाबा, तुमचा जावई चाळिशी उलटल्यावर रांगायला लागला,” बायको म्हणाली. “अहो, आवाज शोधताय की पडलेली टिकली?”

“बोलू नकोस, ऐकतोय.”

लांब भिंतीच्या एका ठिकाणी, कोपऱ्यापासून तीन-साडेतीन फुटांवर, जिथे सासूबाईंच्या मागे राहिलेलं त्यांचं शिलाई मशीन आहे, तिथे मी पायडलजवळ मान खाली घातली. हिंचका पुढे गेला, डग्गा आला. हिंचका मागे गेला, डग्गा तसाच आला. जरा कमी, पण होता, गोल आणि पूर्ण. मी दोन-तीन मिनिटं तिथेच राहिलो. 

मशीन सरकवून डबा तिथे ठेवला. ॲप पुन्हा चालवलं, या वेळी फोन हिंचक्यावर ठेवून. ॲपमधून जाड आवाज चार घरं खाली आणला, बेनच्या भांड्यांसाठी. मग काकांना म्हटलं, बसा.

ते बसले. पायाने जमिनीला रेटा दिला. बैठकीतलं गाणं चाललं होतं, गाणारे गृहस्थ केव्हाच वारलेले. काकांनी दोन-तीन झोके घेतले आणि पाय टेकवून हिंचका थांबवला. पुन्हा सुरू केला. पुन्हा थांबवला.

“हे घे,” ते म्हणाले, मला नाही, कोणालाच नाही. “इथे मी घाई केलीये. ऐक, डावा हात उजव्याच्या पुढे पळतोय. इतकी वर्षं मला वाटत होतं तेव्हा बरोबर वाजलं होतं.”

ते हसत होते. स्वतःची चूक ऐकून माणूस इतका खूश झालेला मी पाहिला नव्हता. बायको दारात उभी होती आणि ओढणीच्या सुरकुत्या काढायचं विसरली होती.

मग काकांनी साडूला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. “जावईबापू, तुमचा डबा आता खरा बोलायला लागला,” ते म्हणाले. खरा हा शब्द त्यांनी वापरला आणि आधीचं कौतुक खोटं होतं हे त्यातून उघड झालं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही. बायकोने मधे तोंड घालून डब्याला झोके दिल्याची सगळी हकीकत सांगितली. माझं नाव दोनदा आलं. तरी काका शेवटी म्हणाले, “तुम्ही पाठवलंत म्हणून झालं.” माझ्या छातीत ते जुनं टोचलंच.

 साडू म्हणाला, “दादा, म्हणजे बाबा हिंचक्यावर बसतात? मला हे कधी सुचलंच नसतं. मला वाटायचं तो पाहुण्यांचा आहे.” आणि मनापासून हसला. मी कबूल करतो, त्या क्षणी मला त्याचा सगळ्यात जास्त हेवा वाटला. माझ्यामुळे त्याचं काम सुधारलं आणि त्याला त्याचं काहीच लागलं नाही. मी कितीही शिकलो तरी मला तसं हसता येत नाही.

फोन बंद झाला. बायको चहा टाकायला गेली. मी काकांच्या पायाशी, मशीनच्या जागी वायर चिकटपट्टीने भिंतीला लावत होतो.

“काका,” मी वर न बघता म्हटलं, “मला पहिल्या दिवशीच माहीत होतं.”

“काय?”

“तुमच्या जागी डग्गा ऐकू येत नाही ते. मी बसून पाहिलं होतं. तो सोफा म्हणाला, मी काही बोललो नाही.”

हिंचका चालू होता. कडीचा आवाज येत होता.

“दोन आठवडे,” ते म्हणाले.

“हो.”

“मी कानात तेल घालत होतो.”

“हो.”

त्यांनी का असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आणि त्यांना ते बहुतेक माहीत होतं, कारण ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, मी पहिल्यांदा त्यांचे बूट घालून उभा होतो तेव्हा बघत होते तसे. मग त्यांनी पाय टेकवला.

“पेनड्राइव्ह दे इकडे.”

मी तो साउंडबारमधून काढून दिला.

“आणि उद्या त्या कानाच्या डॉक्टरकडे फोन कर. गुरुवारी येत नाही म्हणून सांग. का येत नाही, ते पण तूच सांग. मी नाही सांगणार, तुझी बायको पण नाही सांगणार.”

“बरं.”

“आता सरक जरा. पाय लागतोय.”

ते उठले नाहीत. मीच सरकलो, आणि त्यांनी पुन्हा हिंचका सुरू केला.

सोमवारी कंपनीच्या गेटवर बस थांबल्यावर मी दवाखान्यात फोन लावला. बाई गुजरातीत बोलत होत्या. मी काकांचं नाव सांगितलं, गुरुवारची वेळ रद्द करायची म्हटलं.

“केम?” त्यांनी विचारलं. “बीजे बतावी दीधुं?”

“नाही बेन, दुसरीकडे दाखवलं नाही,” मी म्हटलं आणि मग माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगितलं, “काकाना कान बराबर छे. भूल मारी हती.”

 ‘चूक माझी होती’ असा रकाना त्यांच्या वहीत नसावा.

“सारुं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी कार्ड पंच करून आत गेलो.